कोणाची परवानगी?

मे २०१७ मध्ये झोमॅटोच्या १ कोटी ७० लाख ग्राहकांचे तपशील इंटरनेटच्या काळ्या बाजारात विकायला आले. भाव होता सुमारे हजार डॉलर. नावं, ईमेल आणि सांकेतिक रूपात साठवलेले पासवर्ड, असा माल. बातमी फुटली, कंपनीने चोरी कबूल केली आणि लगोलग आणखी एक निवेदन काढलं. ते वाचून भलेभले चक्रावले. चोराशी आमचं बोलणं झालं आहे, असं कंपनी म्हणत होती. तो सहकार्य करतो आहे. त्याची मुख्य मागणी एवढीच की, सुरक्षेतल्या चुका दाखवणाऱ्यांसाठी आम्ही बक्षीस योजना नीट चालवावी. कंपनीने मागणी मान्य केली. चोराने माल बाजारातून काढला आणि सगळ्या प्रती नष्ट करायचं कबूल केलं.

याच कंपनीत दोन वर्षं आधी, जून २०१५ मध्ये, आणखी एक जण शिरला होता. आनंद प्रकाश हा सुरक्षा संशोधक. अॅपकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंतीतला एक आकडा बदलला की भलत्याच ग्राहकाची माहिती समोर येते, हे त्याच्या लक्षात आलं. नोंदणी केलेल्या ६ कोटी २५ लाख लोकांपैकी कोणाचाही फोन नंबर, पत्ता, जन्मतारीख पाहता येत होती. त्याने कंपनीला कळवलं, कंपनीने तातडीने दुरुस्ती केली आणि त्याचे आभार मानले.

परवानगी दोघांनीही घेतली नव्हती.

यंदाच्या अंकाचा विषय ‘परवानगी’ आहे असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला ही जोडी आठवली. हे काम करणारी मुलं, त्यांना घाबरणारे बँकवाले आणि मध्ये उभे असणारे वकील यांना भेटायचं ठरवलं. भेटीगाठीत एक गोष्ट लवकर कळली. या विषयावर कोणाशीही बोला, दुसऱ्या मिनिटाला घराचं कुलूप निघतं. ‘माझं कुलूप तकलादू आहे म्हणून तू आत शिरून चहा करून प्यायचास का?’ युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण घर ज्याचं, सामानही त्याचंच असतं. कंपनीच्या सर्व्हरवर सामान असतं तुमचं-माझं. आणि परवानगीचा वाद चालतो तो कंपनी आणि हॅकर या दोघांतच. ज्यांचं सामान आहे त्यांना कोणी विचारत नाही. माझ्या मते हॅकरांच्या नीतीचा सगळा प्रश्न या तिसऱ्या माणसापाशी येऊन ठरतो.

शनिवार सकाळ, पुणे

‘नल’ या नावाचा सुरक्षा तंत्रज्ञांचा एक खुला समुदाय आहे. पुण्यात त्याच्या बैठका भरतात. एखादी कंपनी हॉल देते, प्रवेश फुकट असतो. गोव्यात २०१० पासून भरणारी ‘नलकॉन’ ही परिषद याच समुदायातून उभी राहिली. अशा बैठकांना येणाऱ्या मुलांपैकी एकाशी माझी ओळख झाली. मूळचा बार्शीकडचा, नऱ्ह्याला तिघांत एक खोली घेऊन राहणारा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. नाव छापायचं नाही, ही त्याची पहिली अट.

त्याने लॅपटॉपवर एक दुकान उघडलं. फळांच्या रसाचं, रंगीत, खऱ्यासारखं. हे दुकान ‘ओवास्प’ या संस्थेने शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम चुका ठेवून बनवलं आहे. त्याने एक खातं काढलं, टोपलीत सफरचंदाचा रस टाकला आणि ‘बर्प’ नावाचं साधन सुरू केलं. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात जे बोलणं चालतं ते या साधनात मधेच थांबवून वाचता येतं. एका ओळीत त्याच्या टोपलीचा क्रमांक दिसत होता. त्याने तो पुसून शेजारचा क्रमांक टाकला आणि ओळ पुढे सोडली. पडद्यावर दुसऱ्याच गिऱ्हाइकाची टोपली आली.

“झालं,” तो म्हणाला. “याला आयडॉर म्हणतात, सर. आमच्यातल्या कित्येकांची पहिली कमाई यावरच झालेली असते.”

सर्व्हरने विचारायला हवं होतं की, ही टोपली मागणारा तिचा मालक आहे का? तो विचारतच नाही. क्रमांक बरोबर आहे एवढंच पाहतो. २०१५ मध्ये झोमॅटोत सापडली ती चूक याच जातीची.

खऱ्या साइटवर असं सापडलं तर काय करतोस, असं मी विचारलं.

“दोन खाती काढायची. दोन्ही माझीच. एकातून दुसऱ्याचं दिसतंय का बघायचं. दिसलं की थांबायचं. व्हिडिओ करायचा, रिपोर्ट टाकायचा.”

“आणि तिसऱ्याचं बघावंसं वाटत नाही?”

“हात शिवशिवतात ना. पण तिथंच सगळं असतं, सर.”

या धंद्यातले नावाजलेले लोक नेमकं हेच करतात. आनंद प्रकाशने २०१६ मध्ये फेसबुकमध्ये चूक काढली. विसरलेला पासवर्ड बदलण्यासाठी सहा आकडी संकेत येतो. मुख्य साइटवर दहा-बारा चुकीचे प्रयत्न झाले की दार बंद होत असे. चाचणीसाठीच्या जोडसाइटवर मात्र कितीही प्रयत्न चालत. त्याने हे स्वतःच्या खात्यावर करून दाखवलं आणि १५,००० डॉलर मिळवले. तमिळनाडूच्या लक्ष्मण मुथय्या याने २०१९ मध्ये इन्स्टाग्रामचं तसंच कोडं सोडवलं. दहा मिनिटांत मुदत संपणारा सहा आकडी संकेत म्हणजे दहा लाख शक्यता. हजार वेगवेगळ्या इंटरनेट पत्त्यांवरून त्याने दोन लाख विनंत्या धाडल्या, एकही अडली नाही. हे पुरेसं आहे, म्हणून त्याने कंपनीला कळवलं. बक्षीस ३०,००० डॉलर. कोणाही परक्या माणसाचं खातं उघडावं लागलं नाही.

नऱ्ह्याच्या खोलीत मात्र डॉलर असे धो धो येत नाहीत. हॅकरवन किंवा बगक्राउडसारख्या मंचावर कंपन्यांच्या योजना असतात. कोणत्या साइटला हात लावायचा, कोणत्या नाही, याची यादी असते. तिला स्कोप म्हणतात. रिपोर्ट गेला की ट्रायेज करणारा माणूस तो तपासतो. बहुतेकदा उत्तर येतं ‘डुप्लिकेट’, म्हणजे तुझ्याआधी कोणीतरी हेच कळवलं आहे. रात्र जागून काढलेल्या चुकीचे पैसे शून्य. कधी ‘इन्फॉर्मेटिव्ह’, म्हणजे माहितीबद्दल आभारी आहोत, बसा. कधीमधी मिळालेच पैसे, तर परदेशातून आलेली ही रक्कम कशाची, हे बँकेच्या शाखेत समजावताना अर्धा दिवस जातो. “आई प्रत्येक वेळी विचारते, पोलिसांचं काही नाही ना रे?” तो हसत म्हणाला. फेसबुकच्या बक्षिसांत भारतीय वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर आहेत, हे त्या आईला सांगून काही उपयोग नाही.

आणि ज्यांची योजनाच नाही, तिथे?

इथे त्याचा आवाज उतरला. स्वतःच्याच कॉलेजच्या पोर्टलवर फी भरताना त्याला तोच प्रकार दिसला होता. पावतीचा क्रमांक बदलला की दुसऱ्या विद्यार्थ्याची पावती उघडत होती. घरचा पत्ता, जात, पालकांचं उत्पन्न. त्याने एका सरांना सांगितलं. सरांनी दार लोटून घेतलं आणि विचारलं, “तुझी डिग्री व्हायची आहे ना?”

पोर्टल अजून तसंच आहे का, हे त्याने पुन्हा पाहिलेलं नाही.

एका रात्रीत एक लाख पस्तीस हजार मार्क

परवानगीशिवाय शिरून कंपनीची फजिती करण्याची ही परंपरा जुनी आहे. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये हँबुर्गच्या केऑस कॉम्प्युटर क्लबने तिचा जाहीर नमुना घालून दिला. पश्चिम जर्मनीच्या टपाल खात्याने बीटीएक्स नावाची सेवा सुरू केली होती. घरच्या टीव्हीवर माहितीची पानं दिसायची, काही पानांना पैसे पडायचे. व्यवस्था सुरक्षित आहे, असं खातं छातीठोक सांगत होतं. वाऊ हॉलंड आणि स्टेफेन वेर्नेरी या दोघांनी हँबुर्गच्या बचत बँकेच्या नावाने आत शिरून क्लबचंच सशुल्क पान रात्रभर यंत्राकडून मागवत ठेवलं. एकेका मागणीला ९.९७ मार्क. सकाळपर्यंत बँकेच्या खात्यावर सुमारे १,३५,००० मार्कांचं बिल चढलं होतं. मग दोघांनी पत्रकारांना बोलावून सगळा प्रकार सांगितला आणि पैसे नको म्हणून सांगितलं.

मला हा प्रकार आवडतो, कारण त्यात नुकसान झालं ते फक्त अब्रूचं. कोणा खातेदाराचा कागद फुटला नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या यंत्रणेत अशी निखळ थट्टा शक्य होती, हेही खरं. आजच्या कंपनीच्या यंत्रणेत शिरायचं म्हणजे माणसांच्या माहितीत शिरायचं.

तरी थट्टा अधूनमधून होते. २०१७ च्या जुलैत बुडापेस्टच्या शहर वाहतूक कंपनीने ऑनलाइन तिकिटं सुरू केली. अठरा वर्षांच्या एका मुलाने ब्राउझरमधली साधी सोय वापरून ९,५०० फोरिंटच्या मासिक पासची किंमत ५० फोरिंट केली, तेवढेच पैसे भरले आणि सर्व्हरने पास देऊन टाकला! किंमत काय, हे दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या पाटीवर लिहू दिलं होतं. मुलाने पास वापरला नाही; तो बुडापेस्टला राहतही नव्हता. कंपनीला त्याने ईमेल केला. उत्तर आलं ते पोलिसांच्या रूपाने, भल्या पहाटे, घरी. बातमी पसरल्यावर लोकांनी कंपनीच्या फेसबुक पानावर एका ताऱ्याच्या शेऱ्यांचा पाऊस पाडला, हजारोंनी. चूक कळवणाऱ्याला उचलण्याचा परिणाम काय, तर तीच चूक आता साऱ्या युरोपला ठाऊक झाली.

आधी लॅपटॉप जप्त होतो

शिवाजीनगरच्या न्यायालयात सायबर गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या एका वकीलबाईंना मी हा बुडापेस्टचा किस्सा सांगितला. त्यांना हसू आलं नाही.

“इथे झालं असतं तर काय, ते सांगते,” त्या म्हणाल्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. कलम ४३ म्हणतं, मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय संगणकात शिरलात, त्यातून माहिती काढलीत, तर भरपाई द्या. त्यात हेतूचा उल्लेखच नाही. चांगल्या मनाने शिरलात काय, वाईट मनाने शिरलात काय, भरपाईचा दावा लागू शकतो. महाराष्ट्रात तो राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. कलम ६६ फौजदारी. तीच कृत्यं अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

“म्हणजे तुमच्या मुलाला ६६ मध्ये वाचवायला जागा आहे. माझा हेतू कपटाचा नव्हता, असं तो म्हणू शकतो. पण म्हणणार कधी? खटल्यात. लॅपटॉप आणि फोन जप्त होतो पहिल्या दिवशी. गुन्हा जामीनपात्र आहे, तो घरी जाईल. लॅपटॉप जाणार नाही. त्यावर त्याचं प्रोजेक्ट असतं, नोकरीचे अर्ज असतात. आणि कॅम्पसला येणाऱ्या कंपनीला निकालाशी देणंघेणं नसतं, एफआयआर दिसला की पुरे.”

महाराष्ट्राच्या पोलिसांनी हाताळलेलं या जातीचं सर्वांत गाजलेलं प्रकरण २०१० चं. हरि प्रसाद हे हैदराबादचे तंत्रज्ञ. मतदान यंत्रात फेरफार होऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं. २००९ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांना ते दाखवायला बोलावलं, पण यंत्र उघडून पाहणं सुरू झाल्यावर प्रयोग थांबवला. पुढच्या वर्षी नाव न सांगणाऱ्या एका व्यक्तीने त्यांच्या हाती खरं यंत्र दिलं. मिशिगन विद्यापीठाचे अॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रोप खोंग्रेप यांच्याबरोबर त्यांनी ते तपासलं आणि आकडे दाखवणारा भाग बदलून निकाल कसा फिरवता येतो, ते प्रात्यक्षिकासह जाहीर केलं. ते यंत्र मुंबईच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यातलं निघालं. ऑगस्टमध्ये मुंबईहून पोलीस हैदराबादला गेले, प्रसाद यांना घेऊन आले. आठवडाभराने जामीन झाला. यंत्र कोणी दिलं ते त्यांनी सांगितलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने त्यांना पायोनिअर पुरस्कार दिला. आयोगाचं म्हणणं तेव्हाही आणि नंतरही हेच राहिलं की, यंत्रांवरचा पहारा आणि सीलबंदी लक्षात घेता प्रत्यक्षात असा फेरफार करता येणार नाही.

यंत्रांबद्दल कोणाचं मत काहीही असो. प्रसाद यांनी आधी परवानगी मागितली होती, ती मिळून अर्ध्यावर काढून घेतली गेली, आणि त्यांच्या तपासणीत एकाही मतदाराचं गुपित उघड झालं नाही. त्यांच्या अटकेचं समर्थन करता येईल असं मला वाटत नाही. सरकारी मालमत्ता गोदामातून कशी गेली याचा तपास व्हायलाच हवा होता. तो प्रश्न वेगळा आणि साधा होता.

बँकेच्या दुसऱ्या मजल्यावर

दुसरी बाजू ऐकायला मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी बँकेत गेलो. संगणक विभाग दुसऱ्या मजल्यावर, जिन्यात जुन्या खातेवह्यांचे गठ्ठे. विभागप्रमुखांचं वय पन्नाशीच्या पुढे. लेजरवरून संगणकावर बँक आणण्यात ज्यांनी रात्री घालवल्या त्या पिढीतले.

“कॉसमॉसनंतर आमची झोप गेली,” ते म्हणाले. ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत चोरट्यांनी स्वतःचा खोटा दुवा बसवला. पैसे काढायची विनंती बँकेच्या मूळ संगणकापर्यंत पोहोचायचीच नाही, खोटा दुवाच ‘द्या’ म्हणायचा. एका शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी रोकड उपसली गेली. कोल्हापुरातही यंत्रांसमोर माणसं उभी होती. सोमवारी आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींवर. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ती होती मुख्यतः एटीएमसमोर उभी राहिलेली माणसं.

सुरक्षा तपासणी कशी होते, ते त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतला लेखापरीक्षक बोलावावाच लागतो. दरपत्रकं मागवतात, कमी दराला काम जातं. दोन मुलं येतात, तयार साधनं चालवतात, शंभर पानी पीडीएफ देतात. त्यात लाल, पिवळ्या, हिरव्या रकान्यांत चुका. लाल रकाने बुजवले की पुन्हा तपासणी, मग प्रमाणपत्र. “पण तो तुमचा बार्शीचा मुलगा जे करतो ना, आकडा बदलून बघणं, त्याला डोकं चालवावं लागतं. ते दरपत्रकात नसतं.”

मग बाहेरच्या कोणी चूक कळवली तर?

त्यांनी संगणकावर ईमेलचा एक खण उघडून दाखवला. बँकेच्या सामान्य चौकशीच्या पत्त्यावर आलेली पत्रं. ‘प्रिय सुरक्षा चमू, तुमच्या साइटवर गंभीर त्रुटी आढळली आहे, बक्षीस काय द्याल ते कळवा म्हणजे तपशील पाठवतो.’ एकसारखा मजकूर, वेगवेगळी नावं. अशा भीकमाग्या रिपोर्टांना या धंद्यातच ‘बेग बाउंटी’ म्हणतात. बहुतेक पत्रांतली ‘गंभीर त्रुटी’ म्हणजे साइटच्या उत्तरात एखादी किरकोळ सुरक्षा-सूचना (हेडर) नसणं. फुकटच्या साधनाने शोधलेलं. “यात खरं पत्र कोणतं, हे ओळखायला माझ्याकडे माणूस नाही. आणि ओळखलं, उत्तर दिलं, तर उद्या संचालक मंडळ विचारणार, एका हॅकरशी पत्रव्यवहार का केला?”

त्यांची अडचण खरी आहे. नीतीच्या चर्चेत हॅकरच्या मनाचा कीस काढला जातो, आणि पलीकडे पत्र उघडणारं कोणी बसलंय का, हे कोणी विचारत नाही. बार्शीच्या मुलाचं प्रामाणिक पत्र आणि खंडणीची पहिली ओळ, दोन्ही त्याच पत्त्यावर पडतात.

बक्षीस आणि खंडणी

या दोहोंतली सीमा मोठ्या कंपन्यांनीही मुद्दाम पुसली आहे. २०१६ मध्ये दोघा हॅकरांनी उबरच्या ५ कोटी ७० लाख प्रवासी-चालकांची माहिती उतरवून घेतली. उबरने त्यांना एक लाख डॉलर दिले, तेही बक्षीस योजनेच्या खात्यातून, आणि माहिती घेतलीच नाही असं खोटं लिहिलेल्या करारावर सह्या घेतल्या. वर्षभर कोणाला पत्ता नव्हता. उबरचा सुरक्षाप्रमुख जो सुलिव्हन हा पूर्वीचा सरकारी वकील, संगणक गुन्ह्यांचे खटले चालवलेला. २०२२ मध्ये ज्युरीने त्यालाच दोषी ठरवलं.

झोमॅटोचं २०१७ चं प्रकरण यापेक्षा किती वेगळं? कंपनीने लपवलं नाही, हा मोठा फरक. चोरी कशी झाली तेही नंतर सविस्तर सांगितलं. एका कर्मचाऱ्याने दुसऱ्याच साइटवरचा, आधी फुटलेला पासवर्ड गिटहब या कोड साठवायच्या साइटवरही वापरला होता. तिथून कोड, कोडमधल्या चुकीतून डेटाबेस. पण हॅकरची ‘तुमच्याच भल्यासाठी’ ही भूमिका मला मान्य नाही. चूक सिद्ध करायला एक नोंद पुरली असती, फार तर दोन. १ कोटी ७० लाख लोकांना त्याने ओलीस धरलं आणि मग उदारपणे सोडलं. योजना सुधारली, हे खरं. ओलीस ठेवलेल्यांना विचारलं का?

२०१५ मध्ये गाना या संगीत सेवेचंही असंच. लाहोरच्या एका हॅकरने डेटाबेसमध्ये शिरून एक शोधपान बनवलं. त्यात कोणाचाही ईमेल टाका, त्याची खाजगी माहिती हजर. आपण आधी कळवलं होतं, कोणी दखल घेतली नाही, असं त्याचं म्हणणं. गानाच्या मालक कंपनीचे प्रमुख सत्यन गजवानी यांनी धमकी न देता उघडपणे लिहिलं: मुद्दा पोहोचला, माहिती काढून टाका, आपण मिळून काम करू. त्याने पान काढलं. भारत-पाकिस्तानच्या इतिहासात इतक्या शांतपणे मिटलेला तंटा मला आठवत नाही. गजवानींना पूर्ण गुण. हॅकरला नाहीत, ते शोधपान जितका वेळ उघडं होतं तितका वेळ ते कंपनीविरुद्ध नव्हतं, श्रोत्यांविरुद्ध होतं.

उलट टोक मोबिक्विक या मोबाइल पाकीट कंपनीचं. २०२१ मध्ये एका संशोधकाने कंपनीच्या ग्राहकांची माहिती बाहेर फिरते आहे असं जाहीर केलं. कंपनीने ठाम नकार दिला, त्याची ‘तथाकथित’ म्हणून संभावना केली, कायदेशीर कारवाईची भाषा केली. काही आठवड्यांत माहितीचा साठा इंटरनेटवर शोधता येईल अशा रूपात उघडा मांडला गेला आणि रिझर्व्ह बँकेने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करायला सांगितलं. माहिती आमच्याकडून गेलेली नाही, ही भूमिका कंपनीने सोडली नाही. ती खरी असेलही. पण ज्याने धोक्याची घंटा वाजवली त्याच्यावर वकील सोडणारी कंपनी पुढच्या दहा जणांना गप्प बसायला शिकवते.

भिकार टी-शर्ट

नेदरलँड्सच्या सरकारी यंत्रणेत चूक शोधून नीट कळवली तर एक काळा टी-शर्ट मिळतो. त्यावर लिहिलेलं असतं: मी डच सरकार हॅक केलं आणि मिळाला काय, तर हा भिकार टी-शर्ट. हॅकर मंडळी तो मिरवतात.

टी-शर्टामागे पक्की व्यवस्था आहे. २०१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने चूक कशी कळवायची याची मार्गदर्शिका काढली, आणि सरकारी वकिलांनी खटला भरायचा की नाही यासाठी तीन कसोट्या ठरवल्या. लोकहिताचं होतं का? गरजेपुरतंच केलं का? याहून सौम्य मार्ग होता का?

या कसोट्या नुसत्या हॅकरला वाचवायला नाहीत. त्याच वर्षी अशाच कसोट्यांवर न्यायालयाने हेंक क्रोल या खासदाराला दोषीही ठरवलं. एका वैद्यकीय प्रयोगशाळेच्या यंत्रणेचा पाच आकडी पासवर्ड त्यांच्या कानावर आला होता. त्यांनी आत जाऊन रुग्णांच्या फायली पाहिल्या, काहींच्या छापील प्रती काढल्या आणि टीव्हीवर दाखवल्या. न्यायालय म्हणालं, ढिसाळपणा उघड करणं लोकहिताचंच होतं. पण त्यासाठी इतक्या फायली उघडायची गरज नव्हती, आणि प्रयोगशाळेला पुरेसा वेळ न देता टीव्हीकडे जायला नको होतं. दंड ७५० युरो. रक्कम किरकोळ, रेघ मात्र अगदी योग्य जागी ओढलेली. आत जाणं क्षम्य, रुग्णांचे कागद छापणं अक्षम्य. बेल्जियमने २०२३ मध्ये असं संरक्षण थेट कायद्यातच घातलं; अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२२ मध्ये सद्भावनेने संशोधन करणाऱ्यांवर खटले भरायचे नाहीत असं धोरण जाहीर केलं.

आपल्याकडे सर्ट-इन चुका स्वीकारतं, कळवणाऱ्याचं नाव आभारात छापतं. आधार प्राधिकरणाने २०२२ मध्ये निवडक २० हॅकरांना तपासणीसाठी घेण्याची योजना काढली. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय करणाऱ्या कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे. यातलं काहीच कलम ४३ मध्ये बदल करत नाही. हयगय दाखवून देणारा आजही परवानगीशिवाय शिरलेलाच ठरतो. उलट २५० कोटींच्या धाकाने कंपन्या चूक कबूल करायला आणखी कचरतील, अशी भीती वकीलबाईंनी बोलून दाखवली, आणि मला ती रास्त वाटते. कायद्यात चार ओळी हव्यात: स्वतःच्या खात्यापुरतं किंवा एका नोंदीपुरतं पाहिलं, काही उतरवून ठेवलं नाही, आधी कंपनीला आणि सर्ट-इनला कळवलं, पैशाची अट घातली नाही, तर तो गुन्हा नाही आणि भरपाईही नाही. याच्या पलीकडे जो गेला त्याला ६६ लावा, माझी हरकत नाही. हेतू कितीही थोर असो.

कायदा बदलायला वेळ लागेल. पत्ता द्यायला लागत नाही. साइटच्या ठरलेल्या जागी ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाची एक साधी फाइल ठेवायची. चूक सापडली तर कोणाला लिहावं, हे तिच्यात असतं. २०२२ पासून हा इंटरनेटचा मान्य संकेत आहे. खर्च नाही. बँकेतल्या त्या साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाले, “मंडळापुढे ठेवतो.”

तुमची माहिती ज्या बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत, सोसायटीच्या अॅपवर आहे, तिथल्या माणसांना एकदा विचारून पाहा: तुमच्याकडची चूक कोणाला सापडली तर त्याने कळवायचं कोणाला? माहिती तुमची आहे. विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.